गुडघ्याची गादी झिजते म्हणजे आत नक्की काय होतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी सांगलीत फिजिओथेरपी करते. सकाळी दहापासून गुडघेच गुडघे, आणि प्रश्नही तेच. एक्स-रेची पिशवी टेबलावर टाकायची, खुर्चीवर हळूच टेकायचं आणि म्हणायचं, "मॅडम, गादी संपली म्हणं." मग मी सगळं समजावते, समोरचा मान डोलावतो, आणि संध्याकाळी पुण्याहून लेकाचा फोन येतो की आईला तुम्ही काय सांगितलं ते जरा परत सांगता का. म्हणून एकदाच बसून लिहून काढलंय. लांबलंय, पण ज्याला जे पाहिजे ते वाचा.

गादी म्हणजे काय? कापसाची असते का?

हसू नका, एका आजोबांनी खरंच विचारलंय. रविवारी मटण आणता ना, त्यातल्या नळीच्या हाडाचं गोल टोक कच्चं असतानाच धुऊन बघा. त्यावर निळसर पांढरा, चकचकीत थर असतो, नखानं दाबला की किंचित दबतो आणि परत वर येतो, आणि बोट फिरवलं की सटकतं. तीच गादी. पुस्तकात तिला कूर्चा म्हणतात, डॉक्टर कार्टिलेज म्हणतात. माणसाच्या गुडघ्यात हा थर साधारण २ ते ४ मिमी जाड असतो, वाटीच्या मागं सगळ्यात जाड. आणि गुळगुळीत इतका की बर्फावर बर्फ घासला तर जेवढं घर्षण होईल त्याहूनही कमी घर्षण इथं होतं.

एक घोळ इथंच मिटवते. गुडघ्यात दोन हाडांच्या मधी चंद्रकोरीसारख्या आणखी दोन चकत्या असतात, मेनिस्कस, त्यांना पण लोक गादीच म्हणतात, आणि मणक्यातल्या चकतीला पण गादीच. त्यामुळं "गादी फाटली" आणि "गादी झिजली" हे दोन वेगळे आजार एकाच नावानं गावभर फिरतात. रिपोर्टमध्ये मेनिस्कस टिअर लिहिलं असेल तर तो वेगळा विषय. इथं बोलतोय ते हाडाच्या टोकावरच्या थराबद्दल.

ती कशाची बनलेली असते?

मुख्यतः पाण्याची. ६५ ते ८० टक्के पाणीच. मग एवढं पाणी असून ती टणक कशी?

भिजवलेला साबुदाणा फडक्यात घट्ट बांधला असं समजा. साबुदाण्याला अजून फुगायचं असतं, फडकं फुगू देत नाही, आणि या ओढाताणीमुळंच पुरचुंडी टणक लागते. गादीत फडक्याच्या जागी कोलॅजनच्या धाग्यांचं जाळं असतं, टाईप टू नावाचं, आणि साबुदाण्याच्या जागी अॅग्रिकन नावाचे मोठाले रेणू, दिसायला बाटली धुवायच्या ब्रशसारखे. त्या ब्रशच्या केसांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळं ते पाणी ओढून धरतात. तुम्ही पाय टाकला की थोडं पाणी दाबून बाहेर येतं, पाय उचलला की परत आत.

आणि या सगळ्याची देखभाल करायला पेशी किती? आकारमानाच्या जेमतेम २ टक्के. बाकी सगळा माल त्यांनीच तयार केलेला. म्हणजे अख्ख्या कारखान्याला दोन कामगार, आणि त्यांचं वय तुमच्याएवढंच.

मग ती टायरसारखी घासून घासून झिजते का?

नाही. हाच गैरसमज सगळ्यात जास्त नुकसान करतो, म्हणून इथं जरा लांबण लावते.

टायर मेलेला रबर असतो, वापरला की कमी होणार. गादी जिवंत आहे. आत सतत मोडतोड आणि बांधकाम दोन्ही चालू असतं आणि निरोगी सांध्यात ते बरोबरीनं चालतं. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे गादी झिजण्याच्या या आजारात, हा हिशोब बिघडतो. तोल जातो तो कशानंही, जुनी दुखापत, जास्त वजन, पायाचा बाक, वय, घराणं, बऱ्याचदा दोन-तीन कारणं मिळून. पेशींवर ताण आला की त्या बांधायचं सोडून तोडणारी एन्झाइम्स, म्हणजे कात्रीसारखं काम करणारी रसायनं, सोडायला लागतात. अॅग्रिकनेज नावाची एन्झाइम्स आधी ते ब्रश कापतात, म्हणजे साबुदाणा गळायला लागतो. मग एमएमपी-१३ नावाची दुसरी कात्री येते आणि ती कोलॅजनचं जाळं कापते, म्हणजे फडकंच फाटलं.

सुरुवातीला गादी पातळ होण्याऐवजी सुजते. जाळं सैल पडलं की राहिलेला साबुदाणा जास्त पाणी पितो आणि टणक थर मऊ, फुळफुळीत होतो. मग वरून पिंजल्यासारखा होतो, जुन्या सतरंजीची दशी निघते तसा, मग भेगा, मग भेगा खोल हाडापर्यंत आणि मग तुकडे. ते तुकडे सांध्यातल्या पाण्यात तरंगायला लागले की सांध्याचं आतलं अस्तर ते साफ करायला धावतं, धावतं म्हणजे सुजतं, आणि सुजेतून जी रसायनं बाहेर पडतात, इंटरल्यूकिन-१ वगैरे, ती परत गादीच्याच पेशींना सांगतात की अजून तोडा. झालं दुष्टचक्र सुरू.

बिचाऱ्या पेशी प्रयत्न करत नाहीत असं नाही. सुरुवातीला त्या वाढतात, एकाच्या जागी चार-पाचचे झुबके होतात, नवीन माल पण बनवतात. पण जाळं एकदा तुटलं की जुन्यासारखं विणता येत नाही त्यांना.

जाळं परत का विणता येत नाही? हाड तर जुळतं की!

हाडात रक्त असतं. गादीत एकही रक्तवाहिनी नाही.

आणि कोलॅजनचं तर असंय की ते मोठेपणी जवळजवळ बदलतच नाही. हे कळलं कसं ते ऐकण्यासारखं आहे. १९५०-६० च्या दशकांत अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या त्यामुळं हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार, अचानक वाढला आणि नंतर हळूहळू उतरत गेला. त्या काळात शरीरात जे काही तयार झालं त्यात त्या वर्षाची खूण राहिली. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१६ साली गुडघ्याच्या गादीतल्या कोलॅजनमध्ये ही खूण तपासली, तर ते माणसाच्या लहानपणीचंच निघालं, दुखऱ्या गुडघ्यात पण आणि चांगल्या गुडघ्यात पण. म्हणजे आज तुम्ही ज्या जाळ्यावर उभे आहात ते शाळेत असताना विणलेलं आहे.

रक्त नाही तर गादी जेवते काय?

सांध्यातल्या पाण्यातनं. आणि ते पाणी आतपर्यंत नीट पोचतं ते हालचालीमुळं. मघाशी म्हटलं ना, पाय टाकला की पाणी बाहेर, उचलला की आत, या आत-बाहेरमध्येच तिला पोषण मिळतं. म्हणून "गादी झिजलीय, आता चालू नका" हे ऐकलं की मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. सांधा प्लॅस्टरमध्ये बरेच दिवस ठेवला की गादी पातळ आणि मऊ होते हे माहीत असलेलं आहे. आमच्याकडं एक काकू आल्या होत्या, कुणीतरी त्यांना सहा महिने जिना चढू नका, चालू नका सांगितलेलं, त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की चहासुद्धा पलंगावर. गुडघा तसाच राहिला, मांडी मात्र वाळून काडी झाली, आणि आता उठायलाच दोन माणसं लागत होती.

दुखतं कुठं मग? गादीच दुखते ना?

गादीत नसाच नाहीत, ती दुखूच शकत नाही. म्हणूनच तर ती बिचारी गुपचूप जाते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. दुखतं ते आजूबाजूचं, गादीखालचं हाड, सुजलेलं अस्तर, सांध्याभोवतीची पिशवी, थकलेले स्नायू. गादी गेली की खालच्या हाडावर जास्त भार येतो, ते जाड आणि कडक होतं, आत पोकळ्या होतात, कडेला हाडाची टोकं वाढतात. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणतात "हाड वाढलंय" ते हेच.

माझा एक्स-रे ग्रेड चार आहे, शेजारणीचा दोन, पण तीच जास्त कण्हते. नाटक करते का?

शेजारणीला बोल लावू नका. हे ग्रेड १९५७ सालच्या केलग्रेन आणि लॉरेन्स यांच्या पद्धतीचे आहेत, ० ते ४, चार म्हणजे सगळ्यात जास्त झीज. एक्स-रेत गादी दिसतच नाही, दिसतो तो दोन हाडांतला गॅप, आणि त्यावरनं गादी किती उरली याचा अंदाज बांधतात. दुखणं मात्र सूज, स्नायूंची ताकद, झोप, काळजी सगळ्यावर अवलंबून असतं. ग्रेड चारवाले शेतात जाताना बघितलेत मी, आणि ग्रेड दोनवाले लंगडताना पण. इलाज माणसाचा करायचा, फिल्मचा नाही.

आमच्याकडंच बायकांना इतकं का होतं?

पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये प्रमाण वाढतं, हे सगळीकडंच. पण आपल्या भागातली कामं बघा. तासगावकडं बेदाणा निवडायला बायका दिवसभर खाली बसतात, पाय दुमडून, समोर बेदाण्याचा ढीग. पहाटे म्हशीची धार काढायची ती उकिडवं बसून, मधे बादली. मग चूल, मग भांडी, मग भांगलण. गुडघा पूर्ण दुमडला की वाटीच्या मागच्या गादीवर दाब फार वाढतो. कधीमधी बसल्यानं काही होत नाही, वर्षानुवर्षं तासन्तास बसल्यानं होतं. त्यात पायाला बाहेरून बाक असेल, धनुष्यासारखा, तर सगळा भार आतल्या बाजूवर, म्हणून आपल्याकडं गुडघ्याची आतली बाजू आधी जाते.

पुरुषांमध्ये माझ्याकडं येतात ते तालमीतले जुने पैलवान. बैठकांना दोष देतात ते, पण विचारत गेलं की वीस वर्षांपूर्वी कुस्तीत गुडघा पिरगळलेला, लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) तुटलेलं, चोळून-मळून परत आखाड्यात उतरलेले. लिगामेंट किंवा मेनिस्कसची मोठी दुखापत झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना १० ते २० वर्षांत ऑस्टिओआर्थ्रायटिस होतो. त्यामुळं घरातल्या पोराचा गुडघा कबड्डीत "कट्" वाजून सुजला तर नुसता लेप लावून गप्प बसू नका.

वजनाचं सारखं का ऐकवता?

कारण हिशोब सोपा आहे. सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर तुमच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो, जिना उतरताना त्याहून जास्त. १ किलो कमी केलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोनं कमी होतो. ५ किलो म्हणजे पावलाला २० किलो, आता दिवसाची पावलं मोजा.

आणि नुसतं ओझ्याचं पण नाही. जाड माणसांत बोटांच्या सांध्यांचा ऑस्टिओआर्थ्रायटिस पण जास्त दिसतो, आणि हातावर तर कुणी चालत नाही. चरबीतनं सूज वाढवणारी रसायनं निघतात, ती सगळीकडं फिरतात.

कॅल्शियमच्या गोळ्या घेतेय, गादी भरेल ना?

नाही. कॅल्शियम हाडासाठी. गादी हाड नव्हे.

वंगण कमी झालंय म्हणतात, तूप खाऊ का?

तूप आवडत असेल तर पुरणपोळीवर खा, गुडघ्याच्या नावावर नको. सांध्यातलं पाणी आतलं अस्तर तयार करतं, चांगल्या गुडघ्यात ते असतं जेमतेम काही मिलिलिटर, एक छोटा चमचा भरेल एवढं. दुखऱ्या गुडघ्यात उलट ते जास्त होतं पण पातळ, चिकटपणा गेलेला. खाल्लेलं तेल-तूप तिथं पोचत नाही.

हळद? सांगलीत राहून हळदीचं नाव नाही घेतलं तर कसं?

बरोबर आहे, आपल्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे सांगलीच्या नावाचा सरकारी शिक्का, पण मिळालंय. हळदीतलं कर्क्युमिन सूज थोडी कमी करतं आणि काही छोट्या अभ्यासांत गुडघेदुखीला फायदा दिसलाय. पण ते अभ्यास अर्क काढलेल्या कॅप्सूलचे. भाजीतल्या हळदीत कर्क्युमिन असतं ३ टक्क्यांच्या आसपास आणि तेही पोटातनं नीट शोषलं जात नाही. रात्री हळद-दूध आवडत असेल तर घ्या, पण त्यानं गादी वाढेल असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच.

गादीसाठी म्हणून विकतात त्या ग्लुकोसामाईनच्या गोळ्यांचं पाकीट महिन्याला हजाराच्या वर जातं, फरक पडतो का?

अमेरिकेत २००६ साली १,५८३ लोकांवर मोठा अभ्यास झाला, ग्लुकोसामाईन, त्याच्यासोबत विकतात ते कॉन्ड्रॉइटिन, दोन्ही एकत्र आणि औषध नसलेली नुसती खोटी गोळी. एकूणात खोट्या गोळीपेक्षा खास फरक निघाला नाही. घेऊन बरं वाटत असेल आणि पैसे असतील तर मी भांडत नाही. पण पेन्शनवर भागवणारे आजोबा ब्लडप्रेशरची गोळी अर्धी करून हे पाकीट घेतात तेव्हा जीव तुटतो.

इंजेक्शनचं काय? कुणी म्हणतं स्टिरॉईड, कुणी जेल, कुणी स्वतःच्याच रक्ताचं.

स्टिरॉईडनं सूज उतरते, काही आठवडे बरं जातं, घरात लग्न आहे आणि गुडघा फुगलाय अशा वेळी उपयोग आहे. पण दर १२ आठवड्यांनी असं २ वर्षं दिलं तर काय होतं हे बघितलेला अभ्यास २०१७ मध्ये आला, त्यात दुखणं साध्या सलाईनच्या, म्हणजे नुसत्या मिठाच्या पाण्याच्या, इंजेक्शनइतकंच राहिलं आणि गादी मात्र जास्त पातळ झाली. म्हणजे सवय लावायची नाही. जेलचा, म्हणजे वंगण म्हणून सांध्यात टोचतात त्याचा, फायदा सरासरीत अगदी थोडा. स्वतःच्या रक्तातनं काढलेलं पीआरपी, म्हणजे प्लेटलेट्सचं दाट पाणी, त्याचा २८८ लोकांवरचा ऑस्ट्रेलियातला अभ्यास २०२१ मध्ये आला, वर्षभरानंतर दुखण्यात आणि गादीत सलाईनपेक्षा फरक नाही. जिथं "गादी नवीन तयार होते" असं पोस्टरच लावलेलं दिसतं, तिथं पैसे द्यायच्या आधी घरी येऊन दोन दिवस विचार करा.

दुर्बिणीनं आतून साफ करून घेऊ का?

नुसत्या झिजेसाठी नको. २००२ साली १८० लोकांवर तपासून बघितलंय, काहींची खरी दुर्बीण आणि काहींना नुसत्या चिरा देऊन टाके. निकाल सारखाच.

परत उगवतच नाही का काहीच?

विल्यम हंटर नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं १७४३ सालीच लिहून ठेवलं होतं की गादी एकदा गेली की परत येत नाही. तरुण माणसाच्या चांगल्या गुडघ्यात दुखापतीनं एखादाच खड्डा पडला असेल तर पेशी काढून, बाहेर वाढवून परत बसवतात, स्वीडनच्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये ते करून दाखवलं. पण साठीतल्या सगळीकडून झिजलेल्या गुडघ्याला ते चालत नाही. झीज थांबवेल असं पक्कं सिद्ध झालेलं औषध अजून बाजारात नाही.

मग करायचं काय? सगळ्याला नाहीच म्हणताय.

मांडीचा पुढचा स्नायू. हा गुडघ्याचा शॉकअप आहे, तो ताकदीचा असला की धक्का तो खातो. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच मोजायचे, सावकाश खाली. दहादा. मग हात न टेकता खुर्चीतनं उठायचं-बसायचं, आधी उंच खुर्चीवरनं. चालायचं, दुखेल तेवढं एकदम नाही, आज दहा मिनिटं, पुढच्या आठवड्यात पंधरा. थोडं दुखणं चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरलं पाहिजे, नाही उतरलं तर डोस कमी करा, बंद नाही. सहा आठवड्यांच्या आत फरक विचारू नका.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. सगळे उलटं करतात, सिनेमावाल्यांसकट. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. सूज असेल तर डायक्लोफेनॅकचं मलम आधी, पोटातल्या गोळ्या नंतर आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानंच, मेडिकलमधनं आपल्या मनानं आणून वर्षभर खाल्लेल्या गोळ्यांनी किडनी आणि पोट दोन्ही जातं.

हा आमवात तर नाही ना?

सकाळी आखडलेला सांधा अर्ध्या तासाच्या आत मोकळा होत असेल तर बहुतेक झीजच. तासाभराच्या वर आखडत असेल, दोन्ही हातांची बोटं-मनगटं सुजत असतील, तर रक्त तपासा, तो वेगळा आजार आणि त्याला वेगळी औषधं आहेत. आणि गुडघा एकदम लाल, गरम, सोबत ताप, असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना.

गुडघा कटकट वाजतो.

वाजू दे. दुखत नसेल, अडकत नसेल, सुजत नसेल तर सोडून द्या.

ऑपरेशन कधी?

व्यायाम, वजन, औषधं सगळं मनापासून करून झालं आणि तरी रात्री झोप नाही, संडासला जायचं टेन्शन येतंय, तेव्हा. फिल्मवर चार लिहिलंय म्हणून नाही. बदललेले गुडघे टिकतात, १०० पैकी साधारण ८० जणांचे २५ वर्षंसुद्धा. कृत्रिम सांध्याच्या किमतीवर ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं मर्यादा घातलीय, म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा, लाजू नका. आणि ऑपरेशनच्या आधी मांडीची ताकद वाढवून गेलात तर नंतर लवकर उभे राहाल.

म्हशीची धार काढायची सोडावी लागंल का ओ मॅडम?

हे मिरजेकडच्या एका मावशींनी विचारलेलं, डोळ्यांत पाणी आणून, कारण डेअरीचं पाकीट तेवढंच त्यांच्या हातात. मी म्हटलं सोडू नका, उकिडवं बसायचं सोडा. वीतभर उंचीचा ठोकळा घ्या आणि त्यावर बसा, गुडघा पूर्ण दुमडायला नको. त्यांच्या मालकांनी बाभळीचा ठोकळा तासून दिला. पहिले दोन दिवस म्हशीनं पान्हाच सोडला नाही, ही नवीन वस्तू काय म्हणून मान वळवून वळवून बघत उभी. तिसऱ्या दिवशी मावशींनी ठोकळ्यावर आपलं जुनं लुगडं गुंडाळलं आणि मग सोडला.